आपणच आपले सोयरे

ज्योतिराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली त्यांस तो अर्पण केला. तेव्हांपासून त्या खंडांतील कृष्णवर्णीयांचा इतिहास महाराष्ट्रास सर्वस्वीं परका राहिलेला नाहीं. पुढें शंभर वर्षें भरतां भरतां, १९७२ सालीं, मुंबईच्या तरुण दलित लेखकांनीं आपल्या संघटनेचें नांव तिकडच्याच एका संघटनेवरून घेतलें. लिंकन, बुकर वॉशिंग्टन, मार्टिन ल्यूथर किंग हीं नांवें आमच्या शाळकरी मुलांसही ठाऊक असतात. परंतु कोणत्याही समाजाचा इतिहास आपण दुरून वाचतों तेव्हां त्याच्या पुढाऱ्यांचा तेवढा वाचतों. त्या समाजाच्या आंत जे आणखी दुरावलेले असतात त्यांचें काय झालें, हें विचारावयाचें राहून जातें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष हे असे दुरावलेले. गोऱ्यांच्या जगांत त्यांचा वर्ण आड येई, आणि स्वतःच्या घरांत त्यांची प्रीति आड येई. या लोकांनीं गेल्या अर्धशतकांत एकमेकांच्या आधारासाठीं ज्या संस्था उभारल्या त्यांपैकीं कांहींचें, आणि विशेषतः वॉशिंग्टन शहरांतील संस्थांचें, वृत्त येथें सांगावयाचें योजिलें आहे.

आरंभ एका माणसापासून करणें सोयीचें होईल. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें सुमारें अडीच लाख लोक जमले व किंग यांचें तें प्रसिद्ध भाषण झालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु एवढ्या लोकांच्या गाड्या कोठें उभ्या करावयाच्या, पाणी कोठून आणावयाचें, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोंचवावयाचा, या सगळ्या गोष्टींची तजवीज दोन महिन्यांच्या आंत ज्यांनीं केली ते बायर्ड रस्टिन पडद्यामागेंच राहिले. हे गृहस्थ १९४८ सालीं, गांधीजींच्या हत्येनंतर कांहीं महिन्यांनीं, भारतांत येऊन गांधीजींच्या अनुयायांस भेटून गेले होते. आणि १९५६ सालीं माँटगोमरी येथील बस-बहिष्काराच्या वेळीं तरुण किंग यांस अहिंसेचीं अंगोपांगें समजावून देणाऱ्यांत त्यांचें स्थान मोठें होतें. रस्टिन समलिंगी होते आणि आपल्या निकटच्या मंडळींत तें लपवीत नसत. १९५३ सालीं कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें त्यांस त्या कारणावरून अटक व शिक्षा झाली होती. १९६० सालीं ॲडम क्लेटन पॉवेल या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीनेंच त्यांच्याविषयीं व किंग यांच्याविषयीं बोभाटा करण्याची धमकी दिली, तेव्हां किंग यांच्या संस्थेंतून रस्टिन यांस दूर व्हावें लागलें. पुढें मोर्चाच्या अगोदर थोडे दिवस स्ट्रॉम थर्मंड या गोऱ्या सेनेटरानें तीच जुनी अटक भर सभागृहांत वाचून दाखविली. त्या वेळीं वयोवृद्ध मजूर-पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं रस्टिन यांची बाजू सोडली नाहीं, म्हणून ते टिकले.

एकानें घरांतून धमकावावें आणि दुसऱ्यानें बाहेरून, आणि दोघांच्या हातांत शस्त्र मात्र एकच असावें, हें चित्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. रस्टिन तरले तें एका वडीलधाऱ्या माणसाच्या भिडेवर. समलिंगी लोकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या ज्या थोड्या संस्था त्या काळीं होत्या त्यांत बहुतेक गोरेच होते. कृष्णवर्णीयांच्या ज्या मोठ्या संस्था होत्या त्यांस हा विषय काढलेला खपत नसे. ज्यांच्या पाठीशीं रँडॉल्फ नव्हते अशा सामान्य माणसांनीं काय करावें?

वॉशिंग्टन हें मुख्यतः सरकारी नोकरांचें शहर. दिवाणी खात्यांतील नोकरी हीच तेथील मध्यमवर्गाची शेतीवाडी. कृष्णवर्णीयांस खाजगी धंद्यांत फारसा वाव नव्हता, म्हणून त्यांच्यापैकीं शिकलेल्यांस तर तिचें महत्त्व अधिकच. १९५३ सालीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं एक आज्ञा काढली व तिच्यामुळें समलिंगी असणें हें सरकारी नोकरीस अपात्र ठरण्याचें कारण झालें. हजारों माणसें कामावरून गेलीं. ही बंदी मुलकी खात्यांपुरती उठली ती १९७५ सालीं. मधल्या बावीस वर्षांत ज्याची नोकरी गेली त्याचें नुसतें पोटच गेलें नाहीं. आजी-आजोबांनीं शेतावर राबून, आईबापांनीं परक्याच्या घरीं धुणींभांडीं करून मिळविलेली कुळाची पत गेली. अशा ठिकाणीं मनुष्य उघड्या जागीं जमत नाहीं. तो घरीं जमतो.

आणि खरोखरच ते घरीं जमत. शहरांत वर्णभेद होता, म्हणून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या होत्या. त्या वस्त्यांतील कोणा मित्राच्या घरीं शनिवारीं रात्रीं मंडळी येई. हळूहळू या बैठकींना नांवें पडलीं, सभासद ठरले, वर्गणी सुरू झाली. आपल्याकडील एखादी भिशी किंवा चाळींतील उत्सवमंडळ जसें वाढतें तसेंच हें. वर्षांतून एकदां दिवाणखाना भाड्यानें घेऊन मोठा समारंभ व्हावा, कोणी आजारी पडला तर चार माणसांनीं जाऊन यावें, कोणाच्या घरीं मृत्यु झाला तर हार पाठवावा, इतकाच त्यांचा व्याप. या मंडळांची दप्तरें फारशीं राहिलेलीं नाहींत. ज्या गोष्टीमुळें नोकरी जाते तिचें इतिवृत्त कोण लिहून ठेवणार?

१९७० नंतर शहरांत समलिंगी पुरुषांसाठीं मोठमोठीं मद्यगृहें व नृत्यशाळा उघड्यावर निघूं लागल्या. तेव्हां निराळाच अनुभव आला. गोरा मनुष्य दारांतून सरळ आंत जाई. कृष्णवर्णीय आला कीं त्यास ओळखपत्र विचारावयाचें, तें दाखविलें कीं दुसरें, दुसरें दाखविलें कीं तिसरें. १९७१ सालीं 'लॉस्ट अँड फाउंड' या नांवाची एक मोठी नृत्यशाळा निघाली. तिच्या या वागणुकीबद्दल कृष्णवर्णीय व गोरे असे दोघेही कार्यकर्ते तिच्या दाराशीं निदर्शनें करीत उभे राहिले. ज्यांनीं स्वतः कालपर्यंत पोलिसांचे छापे सोसले त्यांनींच दुसऱ्यास दारांत अडवावें, यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं. आपल्याकडे ज्या जातींस देवळाबाहेर उभें राहावें लागे त्यांच्यांतही आपल्याहून खालची कोणती याचा हिशेब चालेच.

या वातावरणांत 'मेट्रोपोलिटन कॅपिटोलाइट्स' नांवाच्या एका मित्रमंडळानें घरगुती बैठकींच्या पुढें पाऊल टाकलें. त्यांच्या खटपटींतून १९७५ सालीं अपशर रस्त्यावर 'क्लबहाउस' निघालें. हें सभासदांचें नृत्यगृह. चालविणारे कृष्णवर्णीय, येणारेही बहुतांशीं कृष्णवर्णीय, पुरुष आणि स्त्रियाही. दरसाल मे महिन्याच्या अखेरीस, अमेरिकेंतील वीरस्मृतीच्या सुटीला धरून, तेथें 'चिल्ड्रन्स अवर' म्हणजे 'लेंकरांची घटका' हा उत्सव होई व त्यासाठीं दूरदूरच्या शहरांतून माणसें येत. 'लेंकरें' हा शब्द तेथें मुद्दाम योजलेला आहे. कृष्णवर्णीय समलिंगी मंडळी आपसांत एकमेकांस याच नांवानें ओळखीत. ज्यांस आईबापांच्या घरांत आपलें खरें बोलतां येत नसे त्यांनीं स्वतःस लेंकरें म्हणवून घ्यावें, या शब्दाची थट्टा करवत नाहीं.

नृत्यगृहास संस्था काय म्हणावयाची, असा आक्षेप कोणी घेईल. तिकडेही तो घेतला गेला. चळवळींतील कांहीं गंभीर मंडळींस हे नाचगाणीं करणारे लोक उथळ वाटत. आमच्या मतें हा आक्षेप वरवरचा आहे. ज्या मंडळास वर्गणी गोळा करतां येते, किल्ली कोणाजवळ आहे हें ज्यास ठाऊक असतें, आणि गेल्या तीन शनिवारीं अमुक एक सभासद दिसला नाहीं ही गोष्ट ज्याच्या लक्षांत येते, त्याच्याजवळ संकटाच्या वेळीं लागणारी सर्व सामग्री अगोदरच असते. ती सामग्री कामास येण्याची वेळ लौकरच आली.

त्यापूर्वीं राजकीय बाजूचें थोडें सांगितलें पाहिजे. १९७८ सालीं बिली जोन्स, डार्लीन गार्नर व डेलोरेस बेरी या तिघांनीं कृष्णवर्णीय समलिंगी लोकांची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापिली. तिघांत दोन स्त्रिया होत्या, ही गोष्ट पुरुषांच्या संस्थांचा इतिहास लिहितांना गाळून चालणार नाहीं. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९७९ मध्यें, हॉवर्ड विद्यापीठाजवळच्या 'हरांबी हाउस' या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या हॉटेलांत या संघटनेनें परिषद भरविली व कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनीं मुख्य भाषण केलें. परिषदेस आलेले लोक एकत्र चालत निघाले आणि त्याच वेळीं शहरांत चाललेल्या समलिंगी हक्कांच्या पहिल्या राष्ट्रीय मोर्चास जाऊन मिळाले. १९८३ सालीं १९६३ च्या मोर्चाचा विसावा वाढदिवस साजरा व्हावयाचा होता. रस्टिन यांनीं उभारलेल्या त्या मोर्चाच्या स्मरणदिनीं व्यासपीठावर समलिंगी लोकांचा एकही प्रतिनिधि नको, असें आयोजकांपैकीं कांहींचें म्हणणें पडलें. वॉल्टर फाँट्रॉय हे शहराचे प्रतिनिधि त्यांत प्रमुख. तेव्हां कार्यकर्ते त्यांच्या कचेरींत जाऊन बसले, अटक करून घेतली, आणि अखेरीस किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्या अनुकूलतेनें लॉर्ड यांस कांहीं मिनिटें मिळालीं. वीस वर्षांत पडलेलें अंतर एवढें, कीं आतां एखाद्या रँडॉल्फच्या भिडेची वाट पाहावी लागली नाहीं. गिल जेराल्ड यांच्यासारखा संघटनेचा चिटणीस वाटाघाटीस जाऊन बसला.

तोंपर्यंत रोग आला होता. जून १९८१ मध्यें लॉस एंजल्समधील पांच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची हकीकत सरकारी आरोग्यपत्रिकेंत छापली गेली व पुढें त्या विकारास एड्स हें नांव पडलें. वर्तमानपत्रांतून जीं चित्रें येत तीं गोऱ्या पुरुषांचीं. त्यामुळें हा गोऱ्यांचा रोग आहे, त्यांच्यापासून दूर राहिलें म्हणजे झालें, अशी समजूत कृष्णवर्णीय वस्त्यांत पसरली. ती किती घातक होती हें आंकडे सांगतात. ऑक्टोबर १९८६ मध्यें त्याच आरोग्यपत्रिकेनें जाहीर केलें, कीं देशांत कृष्णवर्णीय शेंकडा १२, तर एड्सच्या रोग्यांत त्यांचें प्रमाण शेंकडा २५. एव्हांना मदत करणाऱ्या संस्था निघाल्या होत्या, आणि त्यांनीं मोठें काम केलें हें नाकारतां येत नाहीं. पण त्यांच्या कचेऱ्या गोऱ्या वस्तींत, पत्रकांची भाषा गोऱ्या तरुणांची, दारांत बसलेला स्वयंसेवकही बहुधा गोराच. ज्यास नृत्यशाळेच्या दारांत तीन ओळखपत्रें विचारलीं गेलीं होतीं तो त्याच मंडळींच्या दवाखान्याच्या दारांत सहजासहजीं कसा जाणार?

तो क्लबहाउसमध्यें मात्र जात होता. १९८३ सालीं तेथेंच या रोगाविषयीं एक सभा भरली. शहरांतील कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांसाठीं मुद्दाम भरविलेल्या पहिल्या सभांपैकीं ती एक. मग १९८५ सालीं क्लबहाउसच्या व्यवस्थापकांपैकीं रेनी चीक्स आणि त्यांचे सहकारी प्रेम देबेन यांनीं रोगाचा संसर्ग झालेल्यांची एक लहानशी बैठक सुरू केली. तिचें नांव 'अस हेल्पिंग अस', म्हणजे आपलेंच आपणांस साह्य. त्या नांवाला त्यांनीं पुढें आणखी दोन-तीन शब्द जोडले. त्यांचा आशय असा, कीं हीं माणसें जगण्याकडे तोंड करून बसलेलीं आहेत. त्या वेळीं औषध नव्हतें. पहिलें औषध, एझेडटी, मार्च १९८७ मध्यें संमत झालें आणि त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरांत होता. म्हणून या बैठकींत जें शिकवीत तें असें: काय खावें, श्वास कसा घ्यावा, चित्त स्थिर करून कसें बसावें, राग आला असतां तो कोणाजवळ बोलावा. आज हें वाचून एखादा डॉक्टर हसेल. ध्यानानें विषाणु मरत नाहीं हें खरेंच, आणि १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधयोजना आली तेव्हां कोठें मृत्यूंचा ओघ थांबला. परंतु रोग्यास मृत्यूची वाट पाहण्यापलीकडे कांहीं काम आहे, उद्यां सकाळीं उठून करावयाची एक गोष्ट आहे, असें त्यास सांगणारें दुसरें कोणी नव्हतें. चीक्स स्वतः त्याच संसर्गानें ग्रस्त होते. उपदेशक आणि रोगी असे दोन पक्ष त्या खोलींत नव्हतेच.

१९८८ सालीं संस्थेची रीतसर नोंदणी झाली. १९९२ पासून पुढें चोवीस वर्षें तिची धुरा रॉन सिमन्स यांनीं वाहिली. हे पूर्वीं हॉवर्ड विद्यापीठांत अध्यापन करीत. छायाचित्रकार होते, लेखक होते, आणि १९८९ सालच्या मार्लन रिग्ज यांच्या 'टंग्ज अनटाइड' या गाजलेल्या चित्रपटांतही ते दिसतात. पांढरपेशी विद्यापीठीय नोकरी करणारा मनुष्य अशा कामांत का पडला, याचें उत्तर एवढेंच, कीं तो प्रथम या बैठकींत बसावयास आला होता आणि नंतर ती चालवूं लागला.

इतर शहरांतही याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. सर्वांचें वर्णन करावयास येथें जागा नाहीं. फिलाडेल्फियांत रशीदा हसन या परिचारिकेनें १९८५ सालीं 'बेबाशी' ही संस्था काढली, कारण ज्या मोठ्या मंडळांत त्या काम करीत तें कृष्णवर्णीयांपर्यंत पोंचत नाहीं असें त्यांस दिसून आलें होतें. त्याच वर्षीं लॉस एंजल्समध्यें कार्ल बीन यांनीं 'मायनॉरिटी एड्स प्रॉजेक्ट' सुरू केला. बीन यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. ते भजनी परंपरेंतले गायक. १९७७ सालीं, आपण जन्मतःच असे आहों, हें आनंदानें सांगणारें एक गाणें त्यांनीं गाइलें आणि तें नृत्यगृहांतून दुमदुमलें. पुढें ते धर्मोपदेशक झाले व समलिंगी कृष्णवर्णीयांसाठीं त्यांनीं स्वतंत्र चर्च स्थापिलें. कृष्णवर्णीयांच्या जीवनांत चर्च म्हणजे केवळ देऊळ नव्हे. शाळा, पेढी, सभागृह, स्मशानाची सोय, सर्व कांहीं तेंच. त्याच व्यासपीठावरून दर रविवारीं आपला धिक्कार ऐकावयाचा आणि त्याच गायकवृंदांत उभें राहून गावयाचें, हें ज्यांच्या वांट्यास आलें त्यांनीं नवें चर्च उभारलें तर नवल नाहीं. जुन्याची ओढ त्यांस शेवटपर्यंत राहिली हेंच नवल.

न्यूयॉर्कमध्यें रेव्हरंड चार्ल्स एंजल यांनीं १९८६ सालीं 'गे मेन ऑफ आफ्रिकन डिसेंट' ही संस्था काढली. शुक्रवारच्या सायंकाळीं जमावें आणि बोलावें, हें तिचें मुख्य कार्य. त्याच वर्षीं त्याच शहरांत डॅनियल गॅरेट यांच्या पुढाकारानें 'अदर कंट्रीज' नांवाचें लेखकांचें मंडळ निघालें. आणि त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या जोसेफ बीम यांनीं कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा पहिला संग्रह, 'इन द लाइफ', प्रसिद्ध केला. बीम 'जोव्हानीज रूम' या पुस्तकांच्या दुकानांत काम करीत. कपाटांतून रोज शेंकडों पुस्तकें लावतां लावतां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं समलिंगी जीवनावरील या एवढ्या ग्रंथांत आपल्यासारख्याचा आवाज कोठेंच नाहीं. मग त्यांनीं पत्रें लिहिलीं. तुरुंगांतल्या माणसांस लिहिलीं, अनोळखी कवींस लिहिलीं. ती पत्रापत्री हीच एक संस्था झाली.

बीम यांस १९८८ च्या डिसेंबरांत मृत्यु आला. वय तेहतीस. आपला रोग त्यांनीं बहुतेक सर्वांपासून लपविला होता. ज्यानें मौन सोडा म्हणून इतरांस इतक्या कळकळीनें विनविलें त्यास स्वतःपुरतें तें सोडवलें नाहीं. त्यांच्या पश्चात् दुसऱ्या संग्रहाचे कागद अर्धवट पडले होते. त्यांची आई डोरोथी बीम पुढें आल्या. मुलाच्या टेबलावरचे कागद गोळा करून त्यांनीं कवि एसेक्स हेम्फिल यांस बोलावलें. हेम्फिल कांहीं काळ बीम यांच्या आईबापांच्या घरींच राहिले, आणि दोघांनीं मिळून तें काम तडीस नेलें. १९९१ सालीं 'ब्रदर टू ब्रदर' प्रसिद्ध झालें. ज्या घरांत मुलानें आजाराचें नांव काढलें नाहीं त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर आईनें त्याच्यासारख्या अनेक मुलांचें लिखाण वाचलें, निवडलें, जुळविलें. आम्ही या इतिहासांतील सभा-परिषदांचे वृत्तांत पुष्कळ वाचले. परंतु आमच्या मनांत ठसलें आहे तें हें घर. हेम्फिल १९९५ सालीं वारले. मार्लन रिग्ज त्यापूर्वीं एक वर्ष.

एवढ्या मरणांत आणखी एक झगडा होता, आणि तो मरणानंतरचा. कुटुंब येई, देह घेऊन जाई, चर्चमध्यें विधि होई, आणि त्यांत मृताचा मित्र, त्याचें लेखन, त्याचें आयुष्य, कशाचाच उल्लेख नसे. १९९२ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कचे कवि डॉनल्ड वुड्स वारले. मृत्युलेखांत कारण हृदयक्रिया बंद पडण्याचें छापलें होतें. अंत्यविधीच्या वेळीं त्यांच्या समलिंगी असण्याचा किंवा खऱ्या रोगाचा उच्चार होत नाहीं असें पाहून, हैतीमध्यें जन्मलेले त्यांचे कविमित्र असोतो सेंट जागचे उठले, व्यासपीठाकडे चालत गेले, आणि वुड्स हे एड्सनें गेले व ते अभिमानानें समलिंगी म्हणून जगले, असें त्यांनीं भर सभेंत सांगितलें. शोकमग्न आईबापांच्या समोर असें करावें काय? या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस सोपें वाटत नाहीं. कुटुंबाचें दुःख खरें होतें, आणि लोकलज्जेची भीति आपल्या समाजांतील कोणासही समजण्यासारखी आहे. पण त्या दिवशीं बांकांवर बसलेल्यांपैकीं कित्येकांस आपलाही अंत्यविधि फार दूर नाहीं हें ठाऊक होतें. आपलें आयुष्य कोण सांगेल हें ते पाहात होते. सेंट हे स्वतः दोन वर्षांनीं वारले.

पैशाची कथा निराळी, आणि थोडक्यांत सांगतां येते. १९८० सालीं सॅन फ्रान्सिस्कोमध्यें 'ब्लॅक अँड व्हाइट मेन टुगेदर' हें मित्रमंडळ निघालें होतें. त्यांतून रेजी विल्यम्स यांनीं एड्सविरोधी राष्ट्रीय मंडळ उभें केलें व १९८८ सालीं त्यास केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण खात्याकडून अनुदान मिळालें. असें अनुदान मिळालें म्हणजे कचेरी येते, पगारी नोकर येतात, तक्ते भरावे लागतात. किती जणांस पत्रकें वांटलीं, किती जणांची तपासणी केली, याचे हिशेब द्यावे लागतात. या पैशानें असंख्य माणसें वांचलीं यांत संशय नाहीं. पण कवि, मित्र, शेजारी, गवई असा जो मनुष्य शुक्रवारीं बोलावयास येई तो तक्त्यांत केवळ एका 'धोक्याच्या गटांतील' आंकडा झाला, आणि मंडळास आपलें म्हणणें रोगाच्याच भाषेंत मांडण्याची संवय लागली. अनुदानाचा ओघ वळला कीं संस्था कोरडी पडे. विल्यम्स यांचें मंडळ १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडलें, आणि तें कांहीं एकटें नव्हे. इकडे गरज संपली होती असें मात्र नाहीं. २०१६ सालीं त्याच सरकारी खात्यानें असा अंदाज प्रसिद्ध केला, कीं तेव्हांचेंच प्रमाण कायम राहिल्यास कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांपैकीं दर दोघांत एकास आयुष्यांत केव्हां तरी एचआयव्हीचा संसर्ग होईल. औषधें निघून त्या वेळीं वीस वर्षें लोटलीं होतीं.

क्लबहाउस १९९० सालीं बंद झालें. सभासद गेले होते, चालविणारे गेले होते. मे महिन्याच्या अखेरची 'लेंकरांची घटका' आतां होणार नाहीं, हें पुष्कळांच्या जिवास लागलें. वेल्मोर कुक, थिओडोर कर्कलंड व अर्नेस्ट हॉपकिन्स या तिघांनीं ठरविलें, कीं त्याच सुटींत मंडळी जमलीच पाहिजे, आणि जमेल तो पैसा एड्सग्रस्तांसाठीं काम करणाऱ्या संस्थांस द्यावा. छप्पर नव्हतें म्हणून मैदान घेतलें. १९९१ च्या मे महिन्यांत हॉवर्ड विद्यापीठासमोरील बॅनेकर मैदानावर सुमारें आठशें लोक जमले. बेंजामिन बॅनेकर हे अठराव्या शतकांतील कृष्णवर्णीय गणिती, पंचांगकर्ते. त्यांच्या नांवाच्या मैदानावर वार्षिक उत्सवाची तिथि चुकूं दिली गेली नाहीं. घरांत पडदे लावून जमणाऱ्यांच्या पुढच्या पिढीनें भर दिवसा, उघड्यावर, स्वतःच्या नांवानें केलेला हा मेळावा. पुढें त्याच्या धर्तीवर अमेरिकेंतील अनेक शहरांत असे मेळावे भरूं लागले, आणि १९९९ सालीं त्यांचा एक संघही झाला.

या इतिहासाचे कागद आतां कांहीं प्रमाणांत सुरक्षित आहेत. बीम यांचीं पत्रें व हस्तलिखितें न्यूयॉर्कमधील हार्लेम भागांतल्या शोंबर्ग संशोधनसंस्थेंत आहेत. तेथेंच स्टीव्हन फुलवुड या ग्रंथपालांनीं १९९९ पासून मंडळांचीं पत्रकें, कार्यक्रमपत्रिका, हस्तलिखित मासिकें गोळा केलीं. वॉशिंग्टनचें दप्तर मात्र निराळ्या रीतीनें वाचावें लागतें. जॉर्जिया अव्हेन्यू हा तेथील एक लांबलचक रस्ता विद्यापीठाजवळून उत्तरेकडे जातो. त्यावर प्रथम १९७९ ची परिषद जेथें भरली त्या हरांबी हाउसची जागा लागते. थोडें पुढें, त्याच रस्त्याला लागून, बॅनेकर मैदान. आणखी वर गेल्यावर एक इमारत लागते. क्लबहाउसच्या एका खोलींत सुरू झालेल्या 'अस हेल्पिंग अस' या संस्थेनें या शतकाच्या आरंभीं ती स्वतःच्या कार्यासाठीं विकत घेतली, आणि सिमन्स २०१६ सालीं निवृत्त होईपर्यंत तेथूनच कारभार पाहात. ते २०२० सालीं निवर्तले. त्या इमारतीपासून कांहीं चौक पुढें गेलें कीं आडवा रस्ता लागतो, तो अपशर. सगळें मिळून अंतर दोन मैलांहून अधिक नाहीं.